ऑनलाइन ऑर्गनाइझ्ड प्लेची सुरुवात: मुंबईत बसून पहिलं टेबल कसं गाठायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहता भांडुपला, नोकरी अंधेरीला. कॉलेजच्या मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकत, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ दोन-तीनदा खेळलात, मग ग्रुप पांगला. आता ऑनलाइन ऑर्गनाइझ्ड प्लेमध्ये शिरायचंय, पण कुठली सिस्टीम घ्यावी, पुस्तकं विकत घ्यावी लागतात का, आठ जीबीचा लॅपटॉप पुरेल का, आणि परदेशी लोकांसमोर इंग्रजीत अडखळलं तर काय, इथे गाडी अडलीय.

या चारही गोष्टींची उत्तरं आहेत आणि ती सोपी आहेत. खरी अडचण तुम्ही विचारलेलीच नाही. आठवड्यातून एकदा सलग पाच तास, घरातला शांत कोपरा, आणि टेबल (म्हणजे एकत्र खेळायला बसणारा गट) जमतं त्या वेळेला तुमचं जागं असणं, हे तिन्ही जुळवायचंय. माझ्या टेबलावरून जे नवे खेळाडू गळतात ते नियम अवघड वाटले म्हणून क्वचितच गळतात. दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना रात्री अडीचपर्यंत जागावं लागलं, म्हणून गळतात. त्यामुळे मी वेळेला या उत्तरात सगळ्यात जास्त जागा देणार आहे.

आधी ऑर्गनाइझ्ड प्ले म्हणजे नेमकं काय ते स्पष्ट करतो, कारण मित्रांच्या घरगुती कॅम्पेनपेक्षा, म्हणजे एकाच गटाने लांबवर चालवलेल्या गोष्टीपेक्षा, हा प्रकार वेगळा आहे. इथे तुमचं कॅरेक्टर (खेळातलं पात्र) एका जीएमच्या (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मालकीचं नसतं. सगळीकडे एकच नियमावली, सिनॅरिओ (म्हणजे एकेक साहस) छापील, आणि प्रत्येक सिनॅरिओ एका बैठकीत संपणारा. आज तुम्ही सिडनीच्या जीएमकडे खेळलात आणि पुढच्या रविवारी कॅलिफोर्नियातल्या जीएमकडे, तरी तेच कॅरेक्टर, तेच सोनं, तोच अनुभव पुढे चालू राहतो. ठरावीक पाच जणांनी दर आठवड्याला हजर असलंच पाहिजे अशी सक्ती नाही. शिफ्ट, ओव्हरटाइम आणि लग्नसराई सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रकार म्हणूनच सोयीचा पडतो.

मोठे कार्यक्रम दोन. डंजन्स अँड ड्रॅगन्सची ॲडव्हेंचरर्स लीग २०१४ पासून चालू आहे. पायझो कंपनीच्या पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची पाथफाइंडर सोसायटी २००८ मध्ये सुरू झाली, आणि पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती आल्यावर २०१९ पासून सोसायटीही त्या आवृत्तीवर खेळली जाते. लीगमध्ये कॅरेक्टरची नोंदवही तुम्हीच ठेवता. सोसायटीत जीएम प्रत्येक सेशन कंपनीच्या साइटवर नोंदवतो आणि तुम्हाला क्रॉनिकल शीट, म्हणजे त्या सेशनच्या कमाईचा कागद, देतो.

निवड परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडे डी अँड डीची पुस्तकं असतील, किंवा ओळखीचं कुणी लीगमध्ये खेळत असेल, तर तिकडे जा. ओळखीचा माणूस असणं हे कुठल्याही नियमावलीपेक्षा मोठं भांडवल आहे. कुणीच ओळखीचं नसेल तर मी नव्या माणसाला पाथफाइंडर सोसायटीकडे पाठवतो. त्याची दोन कारणं. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर पाथफाइंडरचे नियम अधिकृत परवानगीने, संपूर्ण आणि फुकट वाचायला मिळतात, म्हणजे पहिले काही महिने एकही पुस्तक विकत न घेता निघतात. आणि जीएम नोंद करत असल्यामुळे तुमच्या कॅरेक्टरचा हिशेब एकट्या तुमच्या वहीवर राहत नाही. पुढचे तपशील मी सोसायटीचे देतोय. लीगकडे गेलात तरी वेळ, आवाज आणि टेबलावरची वागणूक यांबद्दलचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

आता वेळ. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, पण युरोप-अमेरिकेची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर सरकतात. युरोपातलं संध्याकाळी सहाचं टेबल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतं आणि हिवाळ्यात साडेदहाला. पाच तास धरा, म्हणजे रात्रीचे अडीच किंवा साडेतीन. सकाळी आठची लोकल पकडणाऱ्याने कामाच्या दिवशी या टेबलाला नाव देऊ नये. एखादा शुक्रवार निभेल, दर आठवड्याला निभणार नाही.

न्यूयॉर्कचं शनिवारी संध्याकाळी सातचं टेबल म्हणजे आपली रविवारची पहाटे साडेचार. तेही सोडा. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शनिवारी रात्री आठला बसणारं टेबल आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठला सुरू होतं, हिवाळ्यात साडेनऊला. चहा-नाश्ता उरकून बसायचं, दीड-अडीचला जेवायला उठायचं. मुंबईकरासाठी यापेक्षा चांगली वेळ मला माहीत नाही, आणि रविवारी मेगाब्लॉक असेल तर बाहेर पडायचा मोहही होत नाही. दुसरा पर्याय ऑस्ट्रेलियाचा. सिडनीत संध्याकाळी सात वाजता आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, आणि त्यांच्या उन्हाळ्यात दीड. सिंगापूरचं संध्याकाळी सातचं टेबल आपलं दुपारी साडेचारचं, वर्षभर.

यातली ठरलेली चूक मार्चमध्ये होते. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सरकतं, युरोपचं शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत माणसं तासभर उशिरा किंवा लवकर येतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जीएमने टाइमस्टँप टाकलेला असेल तर तो तुमच्या घड्याळाप्रमाणेच दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. नुसतं ‘सात वाजता’ लिहिलेलं असेल तर कुठल्या शहराचे सात, हे विचारून घ्या. असा प्रश्न विचारल्याबद्दल कुणी नाराज झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

पाच तास मिळणंच शक्य नसेल तरी दोन वाटा आहेत. पहिली बाउंटीची. हे छोटं साहस साधारण तासाभराचं असतं, ऑनलाइन दीड तास धरून चाला. सिनॅरिओला चार एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतात, बाउंटीला एक, आणि बारा एक्सपीला एक लेव्हल चढते. म्हणजे तीन सिनॅरिओ किंवा बारा बाउंटी. दुसरी वाट प्ले-बाय-पोस्टची. यात सगळा खेळ लिहून चालतो. दिवसातून किमान एकदा आपली चाल टाकायची, आणि एक सिनॅरिओ सावकाश, बरेचदा दीड-दोन महिने चालतो. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत उभ्याउभ्या फोनवर एक चाल लिहिता येते. इंग्रजी बोलायचा संकोच असलेल्यांना मी आधी हेच सुचवतो, कारण वाक्य दोनदा वाचून मग पाठवता येतं. तोटा एकच: लढाईचा वेग जाणवत नाही, आणि मध्येच कुणी गायब झालं तर आठवडाभर सगळं ठप्प होतं.

वेळ ठरली की कागदपत्रं. पायझोच्या साइटवर खातं उघडा आणि ऑर्गनाइझ्ड प्लेसाठी नोंदणी करा. तुम्हाला एक खेळाडू क्रमांक मिळेल. त्याच्या पुढे डॅश देऊन कॅरेक्टरचा क्रमांक लागतो. पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या कॅरेक्टरला २००१, दुसऱ्याला २००२. हा पूर्ण क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. जीएम दर वेळी मागतो, आणि इथे एक आकडा चुकला तर तुमचं श्रेय दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाऊन बसतं.

टेबलं बहुतेक वेळा वॉरहॉर्न या नावनोंदणीच्या साइटवर जाहीर होतात आणि गप्पा डिस्कॉर्डवर चालतात. सोसायटीच्या स्थानिक गटाला लॉज म्हणतात. केवळ ऑनलाइन चालणारी लॉजेस आहेत, त्यातलं एखादं निवडा. एकाच वेळी सहा सर्व्हरवर नाव घालू नका. एका लॉजमध्ये महिनाभर दिसलात की जीएम नावानिशी ओळखू लागतात, आणि ऐनवेळी एखादी जागा रिकामी झाली तर तुम्हाला मेसेज येतो. टेबलाला साधारण चार ते सहा खेळाडू लागतात, चांगल्या जीएमच्या जागा पटकन भरतात, त्यामुळे ही ओळख उपयोगी पडते.

नाव नोंदवताना लेव्हल बघा. १–४ लिहिलेला सिनॅरिओ तुमचा, ३–६ अजून तुमचा नाही. शंका असेल तर लॉजच्या चॅनेलवर इतकंच लिहा: मी नवीन आहे, पहिल्या लेव्हलचा आहे, भारतातून खेळतो, रविवारी सकाळी साडेआठ ते दुपारी दोन मोकळा असतो, सुरुवातीला चालेल असा सिनॅरिओ कधी आहे? यात समोरच्याला हवं ते सगळं आलं. ‘कुणी गेम चालवतंय का’ एवढ्यावर उत्तर येत नाही, कारण उत्तर देण्याआधी समोरच्याला चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिल्या सेशनला स्वतःचं कॅरेक्टर बनवू नका, असा माझा आग्रह आहे. पायझोने तयार कॅरेक्टरं फुकट दिली आहेत, त्यांना प्रीजेन म्हणतात. त्यातला व्हॅलेरॉस हा फायटर, म्हणजे पुढे राहून लढणारा, घ्या. लोकांना मदत करायला आवडत असेल तर कायरा ही क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी, घ्या. पहिल्या लेव्हलच्या प्रीजेनवर मिळालेलं श्रेय तुम्ही नंतर बनवणार असलेल्या कॅरेक्टरला लावता येतं, त्यामुळे काही वाया जात नाही. पाच तास खेळल्यावर आपल्याला पुढे जाऊन मारायला आवडतं की मागून मंत्र टाकायला, हे कळतं, आणि मग बनवलेलं कॅरेक्टर टिकतं. आधी महिनाभर बसून बनवलेलं कॅरेक्टर पहिल्या लढाईनंतर नकोसं झालेलं मी वारंवार बघतो. तसं झालंच तरी सोसायटीत सोय आहे: दुसऱ्या लेव्हलला खेळायला बसेपर्यंत पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर पूर्ण मोडून पुन्हा बांधता येतं. बांधायला पाथबिल्डर हे ॲप वापरा, बेरजा तेच करतं. अल्केमिस्ट, समनर आणि मॅगस हे तीन क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) मात्र दुसऱ्या कॅरेक्टरसाठी ठेवा. त्यांच्या प्रत्येक टर्नला बराच हिशेब असतो, आणि नव्या माणसाचं सगळं लक्ष त्यातच जातं.

लॅपटॉपचं सांगतो. नकाशा आणि फासे यांच्यासाठी मुख्यतः रोल२० किंवा फाउंड्री वापरतात. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. रोल२०चं फुकट खातं खेळाडूला पुरतं. फाउंड्रीचं लायसन्स फक्त चालवणाऱ्याला लागतं, खेळाडूला एक रुपयाही खर्च नाही, जीएमने दिलेली लिंक आणि पासवर्ड घेऊन आत जायचं. आठ जीबीत दोन्ही चालतात, पण बाकीचे टॅब बंद ठेवा आणि ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन चालू आहे का बघा. ते बंद असलं की फाउंड्रीचा नकाशा काळा दिसतो किंवा टोकन (नकाशावरची तुमची सोंगटी) अडकत अडकत सरकतं. तरी जड वाटलं तर फाउंड्रीच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स मोड कमीवर करा. ऑफिसचा लॅपटॉप टाळा, त्यावर या साइट ब्लॉक असू शकतात आणि ते ऐन वेळी कळतं. फोनवरून डिस्कॉर्ड ठीक चालतं, नकाशा नाही.

लॅपटॉपपेक्षा माइक महत्त्वाचा. वन-बीएचकेमध्ये तुमच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि खालच्या गल्लीतलं ढोलपथक हे सगळं असणार, आणि ते सहाही जणांच्या कानात जातं. वायरचा साधा हेडसेट घ्या. लॅपटॉपचा स्पीकर आणि त्याचाच माइक एकत्र वापरलात तर बाकीच्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. डिस्कॉर्डमध्ये पुश-टू-टॉक लावा, म्हणजे बटण दाबलं तेवढाच वेळ माइक चालू राहील. नॉइज सप्रेशन चालू करा. ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी चौथ्या तासाला, बरोबर शेवटच्या लढाईत संपते.

पावसाळ्यात दिवे टिकले तरी इंटरनेट जातं. राउटरला छोटा यूपीएस लावलेला बरा, आणि फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून बघितलेला असावा. नेट गेलंच तर फोनच्या डिस्कॉर्डवरून एक ओळ टाका: ‘नेट गेलंय, माझं टोकन कुणीतरी चालवा.’ न सांगता गायब झालात तर टेबल दहा मिनिटं थांबून राहतं.

नियम किती वाचायचे? प्रीजेनची दोन पानं आणि एक टर्न कसा चालतो एवढं पुरे. पाथफाइंडरमध्ये प्रत्येक टर्नला (तुमच्या पाळीला) तीन ॲक्शन मिळतात. समजा पहिल्या लेव्हलचा फायटर आहे, हल्ल्याला +९, समोर १६ एसीचा (एसी म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा) गोब्लिन. पहिल्या वाराला वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा जास्त पडलं की लागतो, म्हणजे दहात सात वेळा. त्याच टर्नमधला दुसरा वार −५ ने होतो, म्हणजे +४, आता १२ हवेत. तिसरा −१० ने, म्हणजे −१, आणि १७ हवेत, पाचात एकदा. नवा खेळाडू तीनदा वार करतो आणि तिसरा हुकला की नशिबाला दोष देतो. त्याऐवजी एक ॲक्शन जवळ जायला, एक वाराला, आणि तिसरी ढाल उचलायला वापरा. ढालीने तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत एसी दोनने वाढतो. एसीपेक्षा १० ने जास्त आलं तर क्रिटिकल (दुप्पट जोराचा वार) होतो, तेव्हा शत्रूचाही क्रिटिकल हुकवायला ती दोनची भर कामी येते. एवढा एक हिशेब डोक्यात बसला की पहिल्या दिवशी तुम्ही टेबलाला ओझं होणार नाही.

फासे चॅटमध्ये टाकायचे असतात: स्लॅश, आर, जागा सोडून १डी२०+९ (वीस बाजूंचा एक फासा, अधिक ९). कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना हे तपासा. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर कमांड चालत नाही, नुसता मजकूर उमटतो, आणि पहिल्यांदा हे होतं तेव्हा माणूस गोंधळतो. आदल्या दिवशी जीएमकडून लिंक मागून दहा मिनिटं आत जाऊन या. टोकन हलवा, एक फासा टाका, माइक तपासा.

इंग्रजीची काळजी फार करू नका. टेबलावर जी वाक्यं लागतात ती वीस-पंचवीस, आणि तीच ती परत येतात. ‘स्ट्राइड, स्ट्राइक, रेझ अ शील्ड’ (चाल, वार, ढाल उचलणं) एवढं म्हटलं तरी तो पूर्ण टर्न होतो. ऑनलाइन टेबलावर ब्राझील, जर्मनी, फिलिपिन्स अशा ठिकाणचे लोक असतात, अनेकांची ती दुसरी भाषा असते. कॅरेक्टरचा आवाज काढून बोलायलाच हवं असं नाही, ‘माझं कॅरेक्टर पहारेकऱ्याला पटवायचा प्रयत्न करतंय’ असं तिसऱ्या पुरुषात सांगणारे जुने खेळाडूही पुष्कळ आहेत. समोरच्याचा उच्चार कळला नाही तर चॅटमध्ये लिहायला सांगा. आणि एखादा प्रसंग नको इतका अस्वस्थ करणारा वाटला तर चॅटमध्ये नुसतं ‘एक्स’ टाकण्याची पद्धत बऱ्याच टेबलांवर आहे. जीएम तो प्रसंग पुढे सरकवतो आणि कारण विचारत नाही.

वागणुकीत एकच गोष्ट कळकळीने सांगतो. येता येणार नसेल तर जागा सोडा, आणि शक्यतो आदल्या दिवशी सोडा. चार जणांच्या टेबलातून ऐनवेळी एक गेला की सेशन रद्द व्हायची वेळ येते, आणि जीएमची तीन-चार तासांची तयारी फुकट जाते. प्रतीक्षायादीत तुमच्यासारखाच कुणीतरी नवा माणूस वाट बघत असतो. बाकी, दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरवर हल्ला करायचा नाही, आणि दुसऱ्याच्या टर्नला त्याने काय करावं हे न विचारता सांगायचं नाही.

सेशन संपलं की क्रॉनिकल शीट पीडीएफमध्ये येते. ती त्याच दिवशी उघडा. कॅरेक्टर क्रमांक, मिळालेले एक्सपी, सोनं आणि सिनॅरिओचं नाव तपासा, आणि ड्राइव्हवर कॅरेक्टरच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. चूक असेल तर जीएमला लगेच कळवा, दोन महिन्यांनी त्यालाही आठवत नाही. पायझोच्या साइटवर नोंद दिसायला काही दिवस लागू शकतात. दोन आठवड्यांत दिसली नाही तर नम्रपणे आठवण करा.

तीन-चार सिनॅरिओ खेळून झाले की एक गोष्ट करून बघा. एक बाउंटी विकत घ्या, ती फक्त चालवणाऱ्यालाच लागते, आणि तुमच्या पांगलेल्या कॉलेजच्या मित्रांना बुधवारी रात्री साडेनऊला डिस्कॉर्डवर बोलवा. खेळ मराठीत चालवा. नोंद इंग्रजीत होते, टेबलावर कुठली भाषा बोलावी याचं बंधन नाही. मित्रांनी आपापले क्रमांक आधी काढून ठेवले तर त्यांना श्रेय मिळेल, तुम्हालाही जीएम म्हणून मिळेल, आणि अकरा वाजता सगळे झोपायला मोकळे. नोंद कशी करायची ते तुमच्या लॉजच्या व्हेंचर-कॅप्टनला किंवा व्हेंचर-लेफ्टनंटला (लॉज सांभाळणारे स्वयंसेवक) विचारा, हे त्यांचंच काम आहे.